नकाराचा दगड

पेटी उघडली तेव्हा बंदरावर बँड वाजत होता आणि आतल्या राष्ट्राध्यक्षांना डोकं नव्हतं.

आधी तुताऱ्या थांबल्या, मग ढोल. बासरीवाला मागच्या रांगेत होता, त्याला काही दिसलं नाही. तो एकटाच राष्ट्रगीत पूर्ण करून मगच थांबला.

"डोकं इथं आल्यावर करायचं असतं," मी शेजारच्या दुभाष्याला म्हणालो. "त्यांना सांगा, आमची तशी पद्धत आहे."

दुभाषा उंच होता, टाय लावलेला, छातीवर परराष्ट्र खात्याचा बिल्ला. त्याने पेटीत पुन्हा एकदा वाकून पाहिलं. "भावा," तो म्हणाला, "डोक्याचं ऱ्हाऊ दे. पर ह्यो तर गडी हाय."

"मग?"

"आमच्या राष्ट्राध्यक्ष बाई हैत की."

ह्याला आता बरीच वर्षं झाली. तोवाई हा समुद्रातल्या मूठभर बेटांचा देश. आमच्या घरातल्या नकाशावर तिथे माशी बसून गेल्यासारखं दिसतं. मी तेव्हा कोल्हापुरात बाळगोंडा अण्णांच्या पुतळ्यांच्या कारखान्यात होतो. अण्णांकडे देह तयार असत. एक घोड्यावरचा, एक खुर्चीतला आणि एक उभा, कोट घातलेला, उजवा हात पुढे करून बोट दाखवणारा. गिऱ्हाईक आलं की डोकं तेवढं नवीन. आमच्या भागातल्या बऱ्याच चौकांत एकच माणूस वेगवेगळी डोकी लावून उभा आहे, हे त्याच्याखाली भाषणं करणाऱ्यांना माहीत नसतं. इकडच्या एका व्यापारी मंडळाने तोवाईला तिथल्या संस्थापक राष्ट्राध्यक्षांचा पुतळा भेट द्यायचं ठरवलं. अण्णांना माहीत असलेले संस्थापक दोनच प्रकारचे, साखर कारखान्याचे आणि शिक्षण संस्थेचे. "संस्थापक म्हटल्यावर कोट," असं म्हणून त्यांनी देह ओतून टाकला, पेटीत भरला आणि डोकं करायला माती देऊन मला पाठवलं. स्वतः आले नाहीत. समुद्रावरून उडणारं विमान खाली पडलं तर उतरायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न होता.

चूक तोवाईचीही होती. माझं नाव शीतल चौगुले. आमच्या जैन समाजात हे पुरुषाचं नाव असतं, पण त्यांच्या परराष्ट्र खात्याने बहुधा दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असावं. माझ्या खोलीत केसात माळायची फुलं ठेवली होती आणि पलंगावर झालरीचा झगा. दोन्ही देशांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विषय वाढवला नाही.

दुभाष्याचं नाव पेलो. तो कोल्हापुरात इंजिनियरिंग शिकला होता. वर्गात इंग्रजी, पण जेवायला राजारामपुरीतली खानावळ आणि संध्याकाळी तालीम. मराठी तो तिथे शिकला. त्यामुळे तोवाईच्या संस्थापक राष्ट्राध्यक्षांचं जे बोलणं मी ऐकलं, ते सगळं तांबड्या मातीतून आलेलं आहे. मी ते दुरुस्त केलेलं नाही.

राष्ट्राध्यक्षांचं नाव लेआता मोरू. पेलो त्यांना आक्का म्हणायचा, म्हणून मीही. लहानखुऱ्या, सुरकुतलेल्या, ओसरीवर बाकावर पाय लोंबकळत बसलेल्या. मी जाऊन नमस्कार केला आणि देहाची सगळी हकिगत सांगितली. त्या पोट धरून हसल्या. मग पेलोशी काही बोलल्या.

"आक्का म्हणत्यात, कोटाचं कायबी न्हाई. पर बोट कुनाकडं दावतोय त्यो?"

"कुणाकडे नाही. पुढे."

"म्हणत्यात, पुढं बुरा बेट हाय, मागं नेले बेट. बुराकडं बोट दावलं तर नेलेवाली म्हणणार, आमी काय मेलोय? नेलेकडं दावलं तर बुरावाली रातीत बोट कापून नेतील."

ह्यावर पुढे एक समितीही नेमली गेली. समितीने होकायंत्र घेऊन बेटाला प्रदक्षिणा घातली आणि ज्या दिशेला एकही बेट नाही अशी एक दिशा शोधून काढली. म्हणजे देशाच्या संस्थापकांनी उघड्या समुद्राकडे बोट करून जनतेला तिकडे जायला सांगायचं. त्या पुतळ्याचं शेवटी काय झालं ते सांगत बसत नाही. अण्णांनी मला अजून पूर्ण माफ केलेलं नाही, एवढं पुरे.

आक्कांनी देश कसा उभा केला हे मला पेलोने पहिल्या दिवशी परतताना सांगितलं. गोरे साहेब एका दुपारी तोवाई सोडून गेले. जाताना सगळ्या कचेऱ्यांच्या किल्ल्या एका टेबलावर ठेवून गेले. किल्ल्या कुणी उचलायच्या ह्यावरून बुरा आणि नेले ह्या दोन मोठ्या बेटांचे लोक भाले घेऊन किनाऱ्यावर समोरासमोर आले.

"आक्का सुईण," पेलो म्हणाला. "दोन्ही बेटांवरची. ती मदी जाऊन हुबी ऱ्हायली आन् एकेकाला हाक मारली. तू पायाळू. तू आलास तवा निळा हुतास, उलटा धरून थोपटला. तुज्या आईला चिंच पायजे हुती, म्या आनून दिली. असं समद्यांस्नी. दोन्हीकडच्या गड्यांस्नी तिनं उघडं बघितल्यालं. आता असल्या बाईम्होरं भाला धरून किती वेळ हुबा ऱ्हाणार तू?"

"मग?"

"मग काय. बसली खाली. पोरं काढायची, तिनं देश काढला."

तेव्हापासून आक्काच राष्ट्राध्यक्ष होत्या. ह्या खेपेची मुदत आता संपत होती, आणि रेमान नावाच्या मंत्र्याने ठराव आणला होता की आक्कांना तहहयात राष्ट्राध्यक्ष करावं. पुतळ्याचं अनावरणही ठरावाच्या सभेच्याच दिवशी ठेवलं होतं.

"आणि आक्कांना हवंय का ते?"

"तिला घरी जायाचं हाय. कवाधरनं म्हणतीया. पर न्हाई म्हणायचं म्हंजे दगड धराय लागतोय."

कसला दगड, मी विचारलं. पेलोने समजावून सांगितलं. तोवाईच्या सभेत जो बोलेल त्याने दोन्ही हातांत एक काळा दगड धरायचा. दगड खाली ठेवला की बोलणं संपलं. मला ही पद्धत फार आवडली. आमच्या नगरपालिकेसाठी एक दगड मागवावा असंही मनात आलं. पण नकाराची रीत वेगळी होती. मान दिला आणि तो नको असेल, तर दगड उचलून 'नाही' म्हणायचं. मग सभेतल्या प्रत्येकाला आर्जव करायची मुभा. आर्जव करणाऱ्याला दगड धरावा लागत नाही, नकार देणाऱ्याने मात्र खाली ठेवायचा नाही. शेवटच्या माणसाचं आर्जव संपेपर्यंत दगड हातात राहिला तर नकार खरा. मधेच टेकला तर समजायचं की नाही म्हणणं हे नुसतं चांगलं वळण होतं, आणि माणूस कबूल आहे.

"तुमच्यात बी हायच की," पेलो म्हणाला. "पंगतीत न्हाई म्हणलं तरी वाढत्यात. म्या खानावळीत लई भोगलंय."

"दगड केवढा आहे?"

त्याने हातांनी भोपळ्याएवढा आकार दाखवला. "आक्काचं मनगाट मोडल्यालं हाय. चहाची बशी थरथरती. ती कसला दगड धरतीया." आणि हे बोलताना त्याचा चेहरा इतका सुखी होता की मला कळलं, आक्का राहणार ह्याचा आनंद झालेल्यांत पेलोही होता.

दुसऱ्या दिवसापासून मी डोक्याला सुरुवात केली. अण्णांची शिस्त अशी, की चेहरा घेताना खोलीत तिसरं माणूस नको; ओळखीचं माणूस आलं की चेहरा बदलतो. दुभाषा चालतो, त्याचा चेहऱ्यावर परिणाम होत नाही. ही अट ऐकून आक्का खूश झाल्या आणि त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मंत्रीसुद्धा नाही? डॉक्टरसुद्धा नाही? मी म्हणालो, अण्णांनी एकदा आमदारांच्या बायकोला बाहेर बसवलं होतं.

थोडा वेळ त्या माझ्या हातांतली माती बघत बसल्या. मग हात पुढे केला.

"म्हणत्यात, नुस्ती बसून कटाळा येतोय. मला बी माती दे."

मी एक गोळा दिला. वाटलं, चिमणी-बिमणी करतील. त्यांनी काहीच केलं नाही. कोपरं बरगड्यांना टेकवली, तळवे वर केले आणि गोळा तसाच धरून बसल्या. दुसऱ्या दिवशी मोठा गोळा मागितला. तिसऱ्या दिवशी त्याहून मोठा. बोटं थरथरायची, गोळा मांडीवर पडायचा, त्या पुन्हा उचलायच्या.

"काय करताय, आक्का?" मी एकदा विचारलं.

पेलोने विचारलं, ऐकलं आणि खांदे उडवले. "म्हणत्यात, तू तुजं काम कर."

माती मी कोल्हापूरहून मोजकीच आणली होती. त्या रोज वाढवून मागत गेल्या, मी रोज डोक्यातून काढून देत गेलो. कान झाले की मागून पोकळ करायचो आणि तेवढी माती आक्कांना. शेवटी शेवटी त्यांच्या मांडीवर त्यांच्या डोक्यापेक्षा जास्त ऐवज होता. मी पेलोला म्हणालो, म्हातारपणी माणसं लहान होतात. पेलो म्हणाला, व्हय, आमची आजी बी उशी धरून बसायची. दोन तरुण माणसं, एक शिल्पकार आणि एक इंजिनियर, रोज समोर बसून बघत होतो आणि ह्यापलीकडे आमची मजल गेली नाही.

दाराबाहेर रेमान रोज यायचा. रुंद, दाढीवाला, हातात नेहमी शहाळं. आत सोडणार नाही म्हटल्यावर पायरीवर बसून राहायचा. सभेच्या आदल्या दिवशी त्याने मला शेजारी बसवलं.

"साहेब इचारत्यात," पेलो म्हणाला, "तू इतकं दिस आक्काचं तोंड बघालाईस. ती खूश हाय न्हवं?"

"चेहरा चांगला आहे," मी म्हणालो.

रेमान बराच वेळ बोलला. पेलोने त्याचं थोडक्यात केलं. "म्हणतोय, मला लोक वाईट समजत्यात. म्हणत्यात, म्हातारीला बांधून घालतोय. पर आक्का उठली त्या खुर्चीवरनं की बुरावाली एकीकडं आन् नेलेवाली दुसरीकडं. त्या किल्ल्या अजून त्याच टेबलावर हैत असं समज. मला भ्या वाटतंय."

रेमानने शहाळं माझ्या हातात दिलं. आक्कांसाठी होतं. मी आत नेलं तेव्हा आक्कांनी ते प्यायच्या आधी तळहातावर तोलून पाहिलं.

सभागृह म्हणजे जुनं खोबऱ्याचं गोदाम. अजून आत खोबऱ्याचा वास. भिंतीला टेकून प्रेक्षकांचा बाक, त्यावर पेलो आणि मी. मधोमध चौरंगावर दगड. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी तो देवाच्या मूर्तीसारखा गुळगुळीत झाला होता. रेमानने तो उचलून ठराव मांडला. सगळे सभासद उठून उभे राहिले, पाय आपटले. तिकडे टाळ्या पायांनी वाजवतात. मग सगळे आक्कांकडे वळले.

आक्का चौरंगापाशी आल्या. वाकल्या. दगड उचलला.

गोदामात हसू पसरलं. प्रेमाचं हसू. चांगल्या घरचं माणूस एकदा तरी नाही म्हणतंच.

"न्हाई," पेलो माझ्या कानात म्हणाला. ते आक्कांचं पहिलं वाक्य होतं आणि पुढे बराच वेळ तेवढंच होतं.

आर्जवं सुरू झाली. बुराच्या एका सभासदाने दुष्काळात आक्कांनी शाळांतून मासे कसे शिजवून वाटले ते सांगितलं. आक्का म्हणाल्या, नाही. नेलेच्या बाईंनी आक्कांवर रचलेलं गाणं म्हटलं. त्याला बरीच कडवी होती आणि प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद दोनदा होतं. नाही. एकाने कागद काढून आक्कांचं चरित्र वाचलं. त्यात आक्कांचा जन्म व्हायलाच बराच वेळ लागला. नाही. हसू आता थांबलं होतं. कुणीतरी खुर्ची सरकवली.

मी आक्कांच्या हातांकडे पाहिलं. कोपरं बरगड्यांना टेकलेली. तळवे वर. बोटं सैल, भार सगळा तळव्यांवर.

मी पेलोचा दंड धरला. त्यानेही ते त्याच क्षणी पाहिलं असावं. त्याच्या तोंडातून एक कोल्हापुरी शिवी गेली, अगदी हळू, देवाचं नाव घेतल्यासारखी.

ही बाई रोज माझ्यासमोर बसत होती ती पुतळ्यासाठी नव्हे. सगळ्या देशात तिला जिथे एकटीला बसता येईल, जिथे मंत्री येणार नाही, डॉक्टर येणार नाही, अशी एक खोली तिला हवी होती. त्या खोलीत ती रोज माझ्या नाकासमोर स्वतःच्याच डोक्याची माती हातात घेऊन नाही म्हणायला शिकत होती.

मग रेमान उठला.

"ह्यो किती वेळ बोलंल?" माझ्याच तोंडून कोल्हापुरी निघालं.

"दिसभर. ह्याच्याएवढं कोन बोलत न्हाई."

रेमान सावकाश बोलायला लागला. पेलो भाषांतर करायचं विसरला, पण कळायला अडचण नव्हती. तो दोन्ही बेटांची नावं पुन्हा पुन्हा घेत होता. आक्कांचे दंड थरथरायला लागले. दगड छातीवरून कमरेशी आला. पुढच्या बाकावरचा एक माणूस न राहवून हात द्यायला उठला, शेजाऱ्याने त्याला ओढून बसवलं. दुसऱ्याचा हात लागला तर नकार बाद. आक्कांच्या हनुवटीवरून घाम दगडावर पडत होता. रेमानला ते दिसत होतं. तो रडत होता आणि बोलत होता. मी तेवढा क्रूर आणि तेवढा प्रेमळ माणूस पुन्हा पाहिलेला नाही.

शेवटी त्याने एक प्रश्न विचारला आणि थांबला.

"म्हणतोय," पेलो कुजबुजला, "तू गेलीस तर आमचं काय व्हनार?"

आक्कांनी दगड पुन्हा छातीपर्यंत उचलला. कसा ते मला सांगता येणार नाही. देह घडवणं हा माझा धंदा, त्या देहात तेवढं बळ नव्हतं. आणि त्या बोलल्या.

पेलो माझ्या कानाशी वाकला. "म्हणत्यात, रेमान, तू होडीत झालास. वादळात. नाळ कापाय सुरी न्हवती. म्या दातानं तोडली. तुजी आई माजा हात धरून वराडली, तोडू नगं, त्येच्यावरच जगतंय पोर माजं." पेलो थांबला. "म्हणत्यात, समद्या आयांस्नी असंच वाटतंय. पर न्हाई तोडली तर दोगं बी मरत्यात, बाळा."

रेमान तसाच उभा राहिला. मग तो बसला.

अजून अर्धं सभागृह बाकी होतं आणि रीत म्हणजे रीत. प्रत्येकाने उठायलाच हवं. पुढचा उठला, काही न बोलता बसला. त्याच्या पुढची उठली, बसली. त्यानंतर ते एवढ्या भराभर उठायला-बसायला लागले की गोदामात फळ्यांचा आवाज घुमायला लागला. ह्या वेगात फक्त एक म्हातारे सभासद आडवे आले. त्यांचे गुडघे गेलेले होते. त्यांनी काठी शोधली. काठी बाकाखाली गेली होती. सगळा देश श्वास धरून त्यांच्याकडे बघत होता आणि ते काठी शोधत होते. मग त्यांनी काठीचा नाद सोडला, दोघांच्या खांद्यांवर हात टाकले आणि उठले. पूर्ण ताठ झाले, कारण अर्धवट उठलेलं धरत नाहीत. आक्कांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, सावकाश होऊ द्या, अशी. ते बसले.

शेवटची सभासद, एक तरुण मुलगी, उठली आणि बसली.

आक्का वाकल्या आणि दगड चौरंगावर ठेवला. टाकला नाही, ठेवला. आधी एक हात खालून काढला, मग दुसरा.

पाय कुणी आपटले नाहीत. तोवाईत माजी राष्ट्राध्यक्ष असं काही आजवर झालेलंच नव्हतं; त्यांनी कुठे बसायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. आक्कांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आमच्या बाकाशी आल्या. पेलो सरकला, मी सरकलो, त्या मधे बसल्या. त्यांचे हात मांडीवर पडले होते, वल्ही पडतात तसे. खोबऱ्याच्या वासात त्यांच्या घामाचा वास मिसळला.

काम पुढे चालू करायला हवं होतं. एक तरुण सभासद बुराचा, कान लाल झालेला, चौरंगाशी गेला. त्याने दगड उचलला आणि नवा राष्ट्राध्यक्ष कसा निवडावा ते सांगायला लागला. त्याला भीती वाटत होती, तो चुकत होता. म्हणाला, ह्या खेपेला बुराचा, पुढच्या खेपेला नेलेचा, असं वाटून घेऊ.

"असं न्हाई," आक्का म्हणाल्या. बसल्या जागेवरून, मोठ्याने, कायम म्हणायच्या तशा.

दारात एक चोपदार होता. पोरगेलासा, डोक्याला पट्टा बांधलेला. तो आमच्या बाकाकडे दोन पावलं आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो काही बोलला. पेलोने त्याचं भाषांतर केलं नाही, पण ते काय होतं हे कुणालाही कळलं असतं. बाई, प्रेक्षकांनी बोलायचं नसतं.

गोदामातला एकूण एक माणूस वळला. रेमान अर्धा उठला होता. तरुण सभासद दगड घेऊन तसाच थिजला. ह्या देशात आजवर लेआता मोरूंना गप्प बसा असं कुणी म्हटलं नव्हतं, गोऱ्या साहेबानेसुद्धा नाही.

आक्का त्या पोराकडे बघत राहिल्या. मग एक शब्द म्हणाल्या. तेवढी तोवाई भाषा मला येत होती. तोवाईत उतरल्यापासून तोच शब्द मी सगळ्यांत जास्त वापरला होता. माफ करा.

आणि त्या गप्प बसल्या.

तरीही कुणी वळेना. सगळे त्यांच्याकडेच बघत होते, आता त्या काय करतील म्हणून, सवयीने, लहान पोरं आईकडे बघतात तसे. हात उचलायची ताकद त्यांच्यात राहिली नव्हती. त्यांनी हनुवटी थोडीशी पुढे केली, चौरंगाकडे, तिथे दगड धरून उभ्या असलेल्या त्या घाबरलेल्या मुलाकडे. तिकडे बघा.

आधी रेमान वळला. मग एकेक करून सगळे तिकडे बघायला लागले.